देवाचं बिनशर्त प्रेम आणि क्षमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे बायबल अभ्यासाला दहा-बारा जण बसतात, त्यांत कधी शेजारच्या हिंदू मैत्रिणीही असतात. खालचे प्रश्न तिथे आलेले आहेत, काही लग्नाच्या पंगतीत आणि एक एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलेला. मी पाळक नाही आणि धर्मगुरू तर नाहीच, तेव्हा उत्तरं एका वाचणाऱ्या बाईची समजून वाचावीत.

देवाचं प्रेम ‘बिनशर्त’ म्हणजे नेमकं काय?

व्याख्या देत नाही, गोष्ट सांगते. येशूनेही तेच केलं होतं. तो जकातदारांबरोबर, पापी म्हणून नाव पडलेल्या लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, कुरकुर करत होते. तेव्हा त्याने तीन दाखले दिले, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात आहेत. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या मुलगा.

धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळायचा, म्हणजे दोन भावांत धाकट्याचा एक तृतीयांश. बापाच्या हयातीत असा वाटा मागणाऱ्या पोराबद्दल गाव काय बोलतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तो सगळं घेऊन दूर देशी जातो, उधळतो, वर दुष्काळ पडतो आणि शेवटी यहुदी घरातला, डुक्कर अपवित्र मानणारा हा मुलगा परक्याची डुकरं राखायला लागतो. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगा तरी पोटात पडाव्यात असं त्याला वाटतं, पण त्याही कोणी देत नाही.

मग तो बापापुढे काय बोलायचं ते पाठ करतो. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. अशी तीन वाक्यं. घरी पोचल्यावर पहिली दोन तो बोलतो. तिसरं त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बापाने नोकरांना उत्तम झगा आणायला पिटाळलेलं असतं. (काही जुन्या हस्तलिखितांत तिसरं वाक्यही सापडतं, पण बहुतेकांत नाही.) ते वाक्य म्हणजे हप्ता बांधून घेण्याची बोली होती: काम करीन, हळूहळू फेडीन. बाप ती ऐकून घ्यायलाच तयार नाही. ‘बिनशर्त’चा अर्थ मला या न बोललेल्या वाक्यात सापडतो.

आणि हे सगळं व्हायच्या आधी बाप धावलेला आहे. त्या काळात प्रतिष्ठित घरचा म्हातारा माणूस सगळ्यांदेखत झगा सावरत पळत नसे. मुलगा दूर असतानाच त्याला पाहून बापाला काय झालं ते सांगायला लूकने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे, ते आतड्यांच्या शब्दापासून बनलेलं आहे. मराठी बायबलात ‘कळवळा आला’ असं आहे. आपल्याकडे ‘आतडं तुटलं’ म्हणतात, ते तर मुळाच्या आणखी जवळ जातं.

मग पश्चात्तापाची गरजच नाही?

आहे, पण किंमत म्हणून नाही. बाप दूर देशी जाऊन पोराला दोरीने बांधून आणत नाही. मुलाला उठून चालत यावं लागतं. पण चालत आला ‘म्हणून’ बापाने प्रेम केलं, असं ती गोष्ट म्हणत नाही. त्याच अध्यायातल्या नाण्याकडे बघा. नाणं काय पश्चात्ताप करणार? दिवा लावून घर झाडते ती बाई.

उलट टोकाचा धोकाही खरा आहे. देव माफ करणारच आहे, मग आज मजा करू, हा हिशेब. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली याला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. त्यांनी नाझींना विरोध केला आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. कृपा फुकट मिळते, पण ती माणसाला आहे तसा सोडत नाही, असा त्यांचा रोख होता.

मोठ्या मुलाचं काय चुकलं? तो तर घरीच होता, राबत होता.

हा प्रश्न विचारणारे बहुधा घरातले थोरले असतात. मीही थोरलीच, त्यामुळे मला त्याचा राग समजतो.

तो शेतातून येतो, घरातून वाद्यांचा आणि नाचाचा आवाज येतोय, पोसलेलं वासरू कापलंय. त्याला आत जायचं नाही. बापाला तो म्हणतो, इतकी वर्षं तुमची गुलामी केली, तुमचा शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला एक करडूही दिलं नाहीत. आणि तो धाकट्याला ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात तेवढाच शब्द हळूच दुरुस्त करतो: ‘हा तुझा भाऊ’.

घरात राहून, सगळे नियम पाळून हा मुलगाही स्वतःला मोलकरीच समजत होता, हे त्याच्या बोलण्यातून कळतं. धाकट्याने जी बोली पाठ केली होती, ती थोरला रोज जगत होता. बाप त्याला म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे त्यालाही काही कमवायचं नव्हतं. आणि लक्षात घ्या, बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर येतो, एकदा धाकट्यासाठी आणि एकदा थोरल्याची मनधरणी करायला. चर्चमध्ये आम्ही धाकट्यावर पुष्कळ प्रवचनं ऐकतो. खरं तर बाकांवर बसलेले बहुतेक जण थोरल्याचेच भाऊबंद असतात.

देवाला सहज माफ करता येतं, तर येशूला क्रूसावर मरायची काय गरज होती?

सर्वांत अवघड प्रश्न. एसटीतल्या बाईंचा हाच होता आणि शिरूर ते पुणे एवढ्या वेळात मला तो पुरता सांगता आला नाही.

सुरुवात शब्दापासून करते. नव्या करारात क्षमेसाठी येणाऱ्या मुख्य ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सोडणे’, ‘सोडून देणे’. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋण सोडण्याबद्दल बोलतो, ते त्यातूनच आलं. आता महाराष्ट्रात कर्जमाफी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या खात्यावरचं कर्ज माफ झालं म्हणून ते हवेत विरत नाही. ती रक्कम सरकार आपल्या तिजोरीतून बँकेला भरतं. शेतकऱ्याला फुकट, पण कोणालातरी भरावी लागलेली. माणसामाणसांतही असंच असतं. तुमची बदनामी करणाऱ्याला तुम्ही माफ करता तेव्हा झालेलं नुकसान तुम्ही पोटात घालता. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की क्रूसावर देवाने ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

दाखला इथेच लंगडा पडतो. बँक वेगळी आणि सरकार वेगळं, तसं पिता निराळा रागावलेला आणि पुत्र निराळा दयाळू असं चित्र उभं राहतं, आणि ते चूक आहे. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला आणि त्यातच देवाने आपलं प्रेम दाखवलं. प्रेम आधी आहे, क्रूस त्यातून आला. क्रूसामुळे देवाचं मन वळलं असं नव्हे. ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात याची स्पष्टीकरणं अनेक झाली. कोणी ऋणफेड म्हणाले, कोणी मरणावरचा विजय, कोणी माणसाचं मन पाझरवणारं प्रेम. एकच खरं असं ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही.

‘केलेलं भोगावंच लागतं’ या आपल्याकडच्या समजुतीशी हे जुळतं का?

पूर्ण नाही. पण आपल्याकडे फक्त कर्माचा हिशेबच आहे असं मानणंही बरोबर नाही, संतांनी विठ्ठलाला माउली म्हटलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तालाही माउलीच म्हटलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. कृपेची भाषा त्यांना परक्या मुलखातून आणावी लागली नाही.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती जोगिणींचं (ननचं) काम पाहिलं. समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हणून हिणवलेल्या बायकांना तिथे सांभाळत होते. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. पाच नवरे होऊन गेलेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, आधी उपदेश करत नाही. रमाबाईंवर याचा खोल परिणाम झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभारल्यावर अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

तरी त्यांची गोष्ट तिथे संपत नाही. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे कळलं असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. इतकी विद्वान, इतकी राबणारी बाई. तिलाही हे फुकट आहे हे उमगायला आठ वर्षं लागली, तेव्हा आपल्याला वेळ लागतो याचं वाईट वाटून घेऊ नये.

किती वेळा माफ करायचं?

येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, सात वेळा? येशू म्हणाला, सातांच्या सत्तर वेळा. काही भाषांतरांत सत्त्याहत्तर. दोन्ही आकडे मोजायला नाहीत. वही ठेवणारा ४९१व्या चुकीची वाटच बघत असतो.

त्याला जोडून आलेला दाखला मात्र नीट मोजावा. राजाने एका चाकराचे दहा हजार तालांत सोडले. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षं! बाहेर पडल्यावर त्याच चाकराने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. शंभर दीनारही तीन-चार महिन्यांची कमाई, लहान रक्कम नाही. येशू तुमचं दुखणं खोटं ठरवत नाही. तो फक्त दोन रकमा शेजारी ठेवतो.

क्षमा केली तर गुन्हेगाराला शिक्षा होऊ नये का?

व्हावी. क्षमा माझ्या हातातली गोष्ट आहे, न्याय समाजाच्या.

ओडिशात बारीपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री मनोहरपूर गावात गाडीत जाळून मारण्यात आलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि पुढे काही वर्षं तिथेच राहून ते काम चालवलं. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असंही त्या म्हणाल्या. खटला चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम ठेवली.

दुसरी घटना मध्य प्रदेशातली. केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगर भागात आदिवासींना सावकारीच्या विळख्यातून सोडवायचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. तो २००६ साली सुटला, त्याच्या सुटकेसाठी मृत सिस्टरच्या घरच्यांनीही प्रयत्न केले होते. म्हणजे त्याने अकरा वर्षं तुरुंग भोगला आणि क्षमाही मिळाली. राखी बांधली म्हणून खून लहान झाला नाही.

नवरा मारतो. चर्चमधले लोक म्हणतात, क्षमा कर आणि नांदायला जा.

हे सांगणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. क्षमा एकटीला करता येते. समेट व्हायला दोघं लागतात, आणि ज्याने मारलं तो बदललेला असावा लागतो, तोही शब्दांत नव्हे, दिसेल असा, बराच काळ. क्षमेच्या नावाखाली बाईला मार खायला परत पाठवणं याला बायबलात कुठेही आधार नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा तुमच्या बाजूने आहे. मनातली क्षमा उद्या येईल, पाच वर्षांनी येईल. देव त्यासाठी घड्याळ लावून बसलेला नाही.

पाप कबूल करायला फादरकडे जावंच लागतं का?

कॅथलिकांमध्ये गंभीर पापांसाठी हो, वर्षातून निदान एकदा. आमच्या वसईच्या घरी याला पापनिवेदन म्हणतात, गोव्यात कुमसार. क्षमा देव करतो, फादर त्याच्या वतीने ती उच्चारतात, आणि तिथे ऐकलेलं त्यांनी कुठेही बोलायचं नसतं; मुद्दाम फोडलं तर त्यांना बहिष्कृत व्हावं लागतं. प्रोटेस्टंट थेट देवाकडे कबूल करतात. लग्नानंतर मला आधी हे अवघडच वाटलं होतं. आता वाटतं, जिवंत माणसाच्या कानावर घालून ‘तुला क्षमा आहे’ हे मोठ्याने ऐकण्यात काहीतरी आहे. माझ्या माहेरचे हे वाचून नाराज होतील.

क्षमा कृपेनेच मिळते, आपल्या कमाईने नाही, या मुद्द्यावर मात्र दोन्हीकडे आता बरीच एकवाक्यता आहे. याच मुद्द्यावर प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या काळात युरोप फुटला होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन संघाने यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

कधीच माफ न होणारं पाप आहे म्हणतात. माझ्याकडून ते झालं असेल तर?

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या निंदेबद्दल हे आलं आहे. संदर्भ बघा: येशूने लोकांना बरं केलेलं डोळ्यांनी पाहून शास्त्री म्हणत होते की हे सैतानाच्या बळावर आहे. औषधालाच विष ठरवून दूर सारण्यासारखं ते आहे. ज्याला ‘माझ्याकडून झालं असेल का’ ही धास्ती वाटते, त्याने ते केलेलं नाही, असं जुने धर्मगुरूही समजावत आले आहेत.

आत्महत्या केलेल्या माणसाला क्षमा असते का?

हा प्रश्न बहुधा ज्याच्या घरात घडलेलं असतं तोच विचारतो, आणि सगळे उठून गेल्यावर विचारतो. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. १९९२ साली आलेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्पष्ट सांगतो की अशा व्यक्तींच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, मनाचा गंभीर आजार किंवा असह्य भीती माणसाची जबाबदारी कमी करू शकते, आणि देवाला ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना भेटू शकतो. तुमच्या माणसासाठी मिस्सा सांगा, प्रार्थना करा. आणि तुमच्याच मनात असे विचार येत असतील तर आधी जवळच्या माणसाला सांगा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. चोवीस तास सुरू असतो.

हे सगळं फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे का?

प्रेम म्हणाल तर नाही, योहान सरळ ‘जग’ हा शब्द वापरतो. बाप्तिस्मा न घेतलेल्यांच्या तारणाबद्दल वेगवेगळ्या मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. आमच्या अभ्यासाला येणाऱ्या मैत्रिणींना कोणी धर्म बदल म्हणत नाही. त्या येतात, वाद घालतात, चहा पितात, जातात.

देवाने माफ केलं असेल, पण माझं मलाच माफ करता येत नाही.

येशूला पैसे घेऊन धरून देणारा शिष्य यहूदा आणि पेत्र यांना शेजारी बसवून बघा. यहूदाला पस्तावा झाला नाही, असं पुष्कळांना वाटतं. मत्तय सांगतो की झाला. त्याने त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेली, मी निरपराध माणसाला धरून दिलं असं कबूलही केलं. पण गेला कोणाकडे? मुख्य याजकांकडे. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? कबुली खरी होती, दार चुकलं.

पेत्राने प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून तीनदा येशूला नाकारलं. पुढे योहानच्या शेवटच्या अध्यायात, तिबिर्याच्या सरोवराकाठी पहाटे, येशू मासे भाजत बसला आहे, आणि तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्राच्या नाकात तोच धूर गेला असणार. तिथे येशू ‘का नाकारलंस’ असं विचारत नाही. आधी म्हणतो, या, न्याहारी करा. जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि तीनदा काम सोपवतो, माझी मेंढरं राख. स्वतःला माफ कसं करायचं याची युक्ती या गोष्टीत नाही. पेत्राला स्वतःबद्दल काय वाटत होतं ते कोणी विचारलंच नाही, त्याच्या पुढ्यात मासा आणि भाकर ठेवली.

वाचायला सुरुवात कुठून करू?

लूकचा १५वा अध्याय. बत्तीस ओव्या, चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. मग योहान ४ आणि २१. त्यानंतर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, अवघ्या पंचवीस ओव्यांचं. अनेसिम नावाचा गुलाम धन्यापासून दुरावून तुरुंगातल्या पौलाकडे पोचला आहे. पौल त्याला परत पाठवताना धन्याला लिहितो की आता याला गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. तेवढा मजकूर त्याने मुद्दाम स्वतःच्या हाताने लिहिला आहे, वचनचिठ्ठी लिहून द्यावी तसा. फिलेमोनाने त्यावर काय केलं, ते पत्रात नाही.